बेगमला अंबरपेठेला पोचवलं, भाऊजी

प्रिय भाऊजी,

बेगम आता आपल्या घरी नाही. परवा सकाळी आम्ही तिला अंबरपेठेला सलीमभाईंकडं पोचवून आलो. ही बातमी तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगावी म्हणून लिहायला बसलेय. तुमची जुनी खोड मला माहीत आहे. अर्धं ऐकायचं, रागावून वरच्या खोलीत निघून जायचं आणि जेवायच्या वेळी खाली येऊन उरलेलं अर्धं विचारायचं. आता तर तुम्ही फारच वर जाऊन बसलात! म्हणून या वेळी तरी सगळं ऐकून घ्या.

ती जिवंत आहे, मजेत आहे. आधी तुमचा जीव भांड्यात पडू द्या, मग पुढचं सांगते.

दुपार कललीय. तुमचे दादा आत झोपलेत. मी मधल्या खोलीत तुमच्या माशांच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेय आणि टाकीतला निळा उजेड या कागदावर हलतोय. लिहिलेलं अक्षर क्षणभर पाण्यात पडल्यासारखं डुलतं, मग जागेवर येतं. पंपाची बारीक घरघर ऐकता ऐकता माझे डोळे मिटायला लागतात, आणि मग मी पत्र लिहितेय की तुमच्याशी बोलतेय तेच कळेनासं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "वहिनी, जरा पडा की. कशाला परेशान व्हायलात?"

आठवतो ना टाकी घरात आली तो दिवस? मी नवी नवरी म्हणून नल्लकुंट्याच्या या घरात आले तेव्हा तुम्ही कॉलेजात जाणारे माझे एकुलते एक दीर. पुढं नोकरी लागली, लग्न काही केलं नाहीत, वरची खोली धरून बसलात. आणि केस पिकायला लागल्यावर लागलं काय, तर समुद्राचं वेड! उदगीरकडच्या काळ्या मातीतलं आपलं घराणं, विहिरीपलीकडं कुणी खोल पाणी पाहिलं नव्हतं. वरचा स्लॅब एवढं वजन पेलणार नाही म्हणून टाकी खाली आली, ती नेमकी जिथं मला कपाट ठेवायचं होतं तिथं. किती भांडले मी तुमच्याशी! तुम्ही मात्र शांतपणे बादलीत गाळलेलं पाणी घेतलंत, पाकिटातलं ते खास मीठ त्यात घातलंत आणि लाकडी डावानं ढवळत बसलात. माझाच डाव होता तो.

"हे बघा वहिनी, समुद्र व्हायलाय," असं म्हणालात. मी वाकून पाहिलं. बादलीत नुसतं पाणी होतं, पण तुमचा चेहरा असा होता की मला भांडायचं सुचेना.

मग दगड आले, वाळू आली, ते दोन नारिंगी जोकर मासे आले. आणि एक दिवस तुम्ही अंगठ्याएवढा दगडाचा तुकडा आणलात, त्यावर बटणासारखी चार-दोन फुलं चिकटलेली. मी हात लावायला गेले तर केवढ्यानं ओरडलात! "हातमोजे घाला वहिनी, विषारी असतात ही! आणि फुलं नव्हेत, जीव आहेत. प्रवाळ म्हणतात याला." मी म्हटलं, फुलासारखं दिसतं, फुलासारखं उमलतं, संध्याकाळी मिटतं, आणि म्हणे फूल नव्हे!

वर्षं गेली तशी ती बटणं पसरत गेली. केशरी, पिवळी, हिरव्या कडेची, मधूनच एखादी जांभळी. सगळा मोठा दगड झाकून गेला, खाली रुंद, वर निमुळता. एकदा दसऱ्याच्या आधी गल्लीत बायका बतुकम्मा मांडायला, म्हणजे देवीसाठी, फुलांचे थर रचत होत्या, तुम्ही दारातून आत आलात, टाकीकडं बघितलंत आणि म्हणालात, "वहिनी, आपली बतुकम्मा तर घरातच आहे की!" तेव्हापासून तिचं नाव बतुकम्मा. पाहुणे आले की दादा आधी चहा विचारायचे आणि तुम्ही आधी बतुकम्मा दाखवायचात.

आणि बेगम? ती माझी हौस. दिलसुखनगरच्या त्या दुकानात तुमच्याबरोबर मिठाचं पाकीट आणायला आले होते आणि काचेच्या कोपऱ्यात ती दिसली. बोटाएवढा जीव. गर्द जांभळं अंग, पोटाकडं केशरी झाक, कडांना निळी रेघ. इतर मासे पोहत होते, ही फिरत होती. या दगडापाशी थांब, त्या फटीत डोकाव, तोंड वळवून पुढं जा. एखादी मोठ्या घरची बाई लाड बाजारात बांगड्या बघायला निघावी तशी! मी म्हटलं, भाऊजी, ही घ्या.

"नक्को," तुम्ही म्हणालात. "जात चांगली आहे, पण तिला कुरतडायची सवय असते. एखादी जन्मभर प्रवाळाला तोंड लावत नाही, एखादी पहिल्याच आठवड्यात सुरू होते. आपल्या वाट्याला कुठली येईल सांगता येत नाही वहिनी. बतुकम्मा जाईल माझी."

त्यानंतर मी दर वेळी विचारायची आणि तुम्ही दर वेळी नक्को म्हणायचात. आपलं ते भांडणच होऊन गेलं होतं, मिठाच्या पाकिटाबरोबर फुकट मिळणारं. मग माझ्या साठीच्या दिवशी सकाळी चहा घेऊन टाकीसमोर आले, तर ती आत! बतुकम्माच्या बाजूनं ऐटीत वळून माझ्याकडं बघत होती. तुम्ही जिन्यात उभे राहून माझं तोंड बघत होता. "नाव काय ठेवायचं?" मी विचारलं. "चाल बघा की तिची," तुम्ही म्हणालात. "बेगमच आहे ती."

का आणलीत भाऊजी? तुम्हाला माहीत होतं ना सगळं? इतकी वर्षं नाही म्हणून शेवटी माझ्या हौसेपायी तुमची बतुकम्मा पणाला लावलीत! पण तुम्ही असेपर्यंत तिनं खरंच काही केलं नाही. तुम्ही तिला चिमूट चिमूट करून दिवसभर भरवायचात, काचेला चिमट्यात वाळलेल्या शेवाळाचा कागद लावून ठेवायचात. पोट भरलेलं असायचं तिचं. फुलांवरून ती नुसती फिरायची, आणि मला वाटायचं, बघा, माझी बेगम किती गुणाची!

वैशाखात तुम्ही चहाचा कप घेऊन वर गेलात आणि नंतर हाकेला ओ दिली नाहीत. त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत.

दहाव्याचं मात्र सांगायला हवं, कारण सगळी अडचण तिथून सुरू झाली. मुसी नदीच्या काठावर ऊन असं की दगड तव्यासारखे तापलेले. धाकट्याचं थोरल्यानं करायचं, याहून वाईट काय असतं? तुमचे दादा उघड्या अंगानं बसले होते आणि गुरुजी सांगतील तसं करत होते, शाळेतल्या पोरासारखे. पिंड ठेवला. दहीभात, वडे, तुमचा चहासुद्धा ठेवला. आणि आली कोण, तर कबुतरं! आपल्या गावात कावळे राहिलेत कुठं? कबुतरांना हाकलता हाकलता चुलतभावांची दमछाक झाली. शेवटी भिंतीवर एक कावळा येऊन बसला, पण खाली काही येईना.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला. मन मोकळं करा."

कुणी म्हणालं, सुधाकर, तुझ्या नावानं अन्नदान करू. कुणी म्हणालं, वरची खोली तशीच ठेवू. आपली मुग्धा पुण्याहून आली होती, ती म्हणाली, "काका, मी आई-बाबांना कॉल करत जाईन, डेली करीन, प्रॉमिस." कावळा मान वाकडी करून दुसरीकडंच बघत होता. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात तुमचे दादा उठून उभे राहिले.

"सुध्या," ते म्हणाले, "तुझ्या टाकीतलं काही म्हणजे काही हलवणार नाही मी. दगड नाही, मासा नाही, फूल नाही. जे जिथं आहे ते तिथंच राहील. जा बाबा आता."

आणि कावळा उतरला! सगळ्यांच्या देखत उतरला, वड्याला चोच लावली आणि उडून गेला. दादा जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्या तेरा दिवसांत टाकीकडं नीट बघायला कुणाला शुद्ध होती? आला-गेला कुणी चिमूटभर टाकायचा, नाहीतर कुणीच नाही. शेवाळाचा कागद संपलेला कुणाच्या लक्षात आला नाही. मला वाटतं, बेगमला तेव्हाच चव लागली असावी. एका सकाळी मी झाडत होते आणि ती बतुकम्मापाशी थांबलेली दिसली. तोंड पुढं केलं, टिचकी मारावी तसं टिपलं, आणि एक केशरी बटण झटकन मिटलं. मग शेजारचं. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. माझी गुणाची बेगम!

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तोवर तुमचे दादा टाकीचे मालक होऊन बसले होते. ज्या माणसानं कधी तुळशीला पाणी घातलं नाही, तो माणूस चष्मा कपाळावर चढवून पाण्याचा खारटपणा मोजायचा. काच पुसायचा. माझाच डाव घेऊन बादलीत मीठ ढवळायचा! मी स्वयंपाकघरातून पाहायची आणि पाठमोरे तुम्हीच बसलात असं वाटून हाक ओठावर यायची.

बेगमनं टिपलेलं त्यांनीही पाहिलं. "अगं, ती खायलीय बघ! सुध्याचं खायलीय!" असं ओरडत आले. मग राखण सुरू झाली. अंगणात वाळवण घालून चिमण्या हाकलत बसावं तसे ते खुर्ची टाकून टाकीसमोर बसायला लागले. हातात चष्म्याची डबी. बेगम जवळ गेली की काचेवर टकटक, "हट! हट!" बेगम शहाणी, क्षणभर बाजूला व्हायची, दगडाला वळसा घालून पलीकडून यायची. जोकर मात्र घाबरून कोपऱ्यात.

मी सलीमभाईंना बोलावलं. तुमचे दोस्त खरे, टाकी बघून आधी त्यांचेच डोळे भरले. चष्म्याचं दुकान नोकरावर सोडून आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "भाभी, पेट भर के खिलाओ, वो शेवाळ का कागज रोज लगाओ, कभी कभी सुधर जाती. मगर एक बार लत लग गई ना, तो भरोसा नक्को. मेरे पास भेज दो. मेरी टाकी में कोरल है इच नहीं, खाली पत्थर और मछली."

दादांनी ऐकूनच घेतलं नाही. "मी सुध्याला शब्द दिलाय," म्हणाले. "कावळ्यानं घेतलाय तो."

मग आम्ही भरवण्याचा सपाटा लावला. शेवाळाचा कागद लावला, पालकाचं पान उकळत्या पाण्यातून काढून चिमट्याला अडकवलं, दिवसातून चारदा चिमूट चिमूट टाकलं. बेगम सगळं खायची आणि वर बतुकम्मा तोंडी लावायला! जास्तीच्या खाण्यानं पाणी गढूळ व्हायला लागलं ते वेगळंच. फुलं उमलायची बंद झाली. आधी वरचा थर, मग मधला. काही बटणं आक्रसून नुसती टोकं उरली, काही ठिकाणी उघडा दगड दिसायला लागला. तुम्ही बघितलं नाहीत तेच बरं झालं.

खरं सांगू? मला बतुकम्मापेक्षा दादांची काळजी वाटायला लागली होती. माणूस खुर्चीवरून उठेना. पार्कातली मंडळी बोलावून बोलावून थकली. दिवाळीला मुग्धानं पुण्याला बोलावलं, तर म्हणाले, "मी आलो तर इथं हाकलणार कोण?" ताट समोर ठेवलं की एक डोळा ताटात, एक काचेत. पोळी हातात वाळायची. अंगावरचा सदरा सैल झाला. एका संध्याकाळी टाकीतले दिवे मंद झाले तेव्हा ते काचेला कपाळ टेकवून म्हणाले, "सुध्याचं एवढंसं राहिलं होतं माझ्याकडं. तेही सांभाळता येईना." मी पाठीवर हात ठेवला तर हाडं लागली हाताला. एक भाऊ गेला, आता दुसऱ्यालाही ही टाकी खाऊन टाकते की काय, असं वाटून मी हादरले. तुमच्यावर रागावले सुद्धा त्या दिवशी. हो, तुमच्यावर!

दुसऱ्या दिवशी दुपारी इथंच खुर्चीत माझा डोळा लागला आणि स्वप्न पडलं. सगळं नल्लकुंटा पाण्याखाली होतं, निळ्या, कोमट पाण्याखाली, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. भाजीवाली अम्मा डोक्यावरची टोपली न सांडता हळूहळू तरंगत गल्लीतून चालली होती. गच्चीवरचे कपडे शेवाळासारखे डुलत होते. बरकतपुऱ्याच्या वळणावरून तुम्ही तुमच्या जुन्या स्कूटरवर आलात, आवाज न करता, शर्टाचं पाठीमागं शीड झालेलं. दारात स्कूटर सोडलीत, ती आपली आपण तरंगत राहिली. आत येऊन बाह्या वर केल्यात आणि टाकीतले दगड उचलायला लागलात. हा इकडं, तो तिकडं. मी म्हणतेय, "भाऊजी, दादांनी शब्द दिलाय, हलवू नका!" तुम्ही वळून हसलात. तोंडातून बुडबुडे निघाले, शब्द नाही. मग मला जाग आली आणि टाकीतला निळा उजेड छतावर तसाच लाटांसारखा हलत होता. काही वेळ मला कळेचना, पाणी काचेच्या आत आहे की बाहेर.

पण एक गोष्ट लख्ख आठवली. तुम्ही कधी काही जागेवर ठेवलंत का हो? दर रविवारी कोपरापर्यंत हात घालून बसायचात! आज हा दगड खाली, उद्या तो वर, हे फूल उजेडात, ते सावलीत. फरशीवर पाणी, माझं पायपुसणं ओलं, आणि जेवण गार. 'जे जिथं आहे ते तिथंच' हे तुमच्या स्वप्नातही आलं नसतं!

मी दादांना हेच सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, त्यांनाही पटलं. आणि मग म्हणाले, "पण कावळा शिवला ना? त्याच शब्दावर शिवला. सगळ्यांनी बघितलंय. आता मी तो मोडू कसा?"

बाकी सगळ्याला माझ्याकडं उत्तर होतं. कावळ्यापुढं मी हरले.

रात्रभर विचार केला आणि सकाळी चहा देताना मी म्हटलं, "अहो, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी कावळा तुमच्या शब्दावर नव्हता आला."

"म्हणजे?"

"तुम्ही बोलत होता ना, तेव्हाच मीही मनात बोलत होते. भाऊजींशी. माझं बोलून झालं आणि तो उतरला. माझ्या शब्दावर उतरला तो."

कप हातात तसाच. "तू काय म्हटलं होतंस?"

"म्हटलं, भाऊजी, दादांची काळजी करू नका. त्यांच्याकडं मी बघते."

चहावर साय धरली. मग हलकेच म्हणाले, "त्याला माझी काळजी लागली होती होय?" मी म्हटलं, "मग कुणाची लागणार? माशांची?" त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, परत डोळे पुसले. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं. शपथ घ्यायला लावली असती तर मी अडकले असते, पण ते त्यांना सुचलंच नाही. उठले आणि सलीमभाईंना फोन लावला.

सलीमभाईंनी प्लास्टिकच्या बाटलीचा सापळा करून आणला, तोंड आत वळवलेला, आत शेवाळाचा कागद. आधी दोन्ही जोकर शिरले! त्यांना बाहेर काढलं. मग पुन्हा ते दोघेच! बेगम बाहेरून बघून वळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भुकेलं ठेवलं तेव्हा कुठं ती ऐटीत आत शिरली. माझ्या साठीची भेट होती ती. बाटलीतून तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा मला जिन्यातले तुम्ही दिसलात, माझं तोंड बघणारे. मी पदर डोळ्याला लावला आणि दादांना म्हटलं, डोळ्यात खारं पाणी उडालं.

टाकीतलंच पाणी झाकणाच्या बादलीत घेतलं आणि निघालो. रिक्षात बादली दादांच्या मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. रस्ता तुम्हाला माहीत आहे, खड्ड्याला खड्डा. दर हिसक्याला दादा म्हणायचे, "भाई, आहिस्ता! आहिस्ता!" शेवटी रिक्षावाला वळून म्हणाला, "क्या है चाचा अंदर?"

"बेगम," दादा म्हणाले.

त्यानं बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तो ये कौन?" म्हणाला. आणि भाऊजी, तुमचे दादा हसले! खो खो हसले, बादली हिंदकळेपर्यंत. मला वाटलं होतं, ते हसू तुमच्याबरोबरच गेलं.

सलीमभाईंनी बादलीत त्यांच्या टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत बराच वेळ घेतला, मग तिला सोडलं. ती दगडाआड गेली. आम्ही चहा प्यायलो, बाहेर आली नाही. दादा टाकीला नाक लावून बसलेले. मग जांभळी कड दिसली, मग सगळी ती. एका दगडापाशी थांबली, फटीत डोकावली, तोंड वळवून पुढं गेली. "अच्छा है," सलीमभाई म्हणाले, "घर देख लेरी." परतताना कोपऱ्यावर मिरची भजी तळत होते. दादांनी स्वतःहून थांबवलं आणि माझ्या वाटची सुद्धा खाल्ली.

बतुकम्माचं म्हणाल तर घाई नको. काल दुपारी काठाजवळचं एक बटण अर्धं उघडलं होतं, आज तीन-चार आहेत. वरचा थर अजून मिटलेलाच आहे. काही फुलं गेली ती गेली. दादा आज मला विचारत होते, हा दगड जरा उजेडाकडं सरकवू का? मी म्हटलं, हातमोजे घाला आणि सरकवा. फरशीवर पाणी सांडलंय, पायपुसणं ओलं झालंय. मी दुसरं आणून टाकलं.

आता शेवटचं. हे पत्र मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं लपवणार आहे. मुग्धाच्या हाती लागलं तरी तिला मराठी वाचायचा कंटाळा, पण तुमच्या दादांच्या हाती लागू द्यायचं नाही. कारण भाऊजी, मी खोटं बोलले. दहाव्याला मी मनात काहीही म्हटलं नव्हतं. कावळा उतरला तेव्हा माझे पाय भाजत होते आणि चपला कुठं काढल्या ते मी आठवत होते. तुम्ही गेलात हेच मला खरं वाटत नव्हतं, मग वचन कुणाला देणार? घरी गेलं की तुम्ही जिन्यात दिसाल असंच डोक्यात होतं.

दादांनी विश्वास ठेवला. तुमच्या नावावर ठेवला. ते आता जेवतात, पार्कात जातात, पुण्याचं तिकीट काढायचं म्हणतात, आणि हे सगळं मी न दिलेल्या शब्दावर उभं आहे. मला ते बरं वाटत नाही. म्हणून आज बसले लिहायला.

इथं गुरुजी नाहीत, दहीभात नाही, भिंतीवर कुणी येऊन बसलेलं नाही. आत तुमचे दादा घोरतायत. मी तुमच्या टाकीसमोर आहे आणि या वेळी तुम्ही गेलात हे मला माहीत आहे.

भाऊजी, दादांची काळजी करू नका. त्यांच्याकडं मी बघते.

तुमची,
वहिनी